सात आसरांची हरकत

तरवडखेड्यात तापीकाठचा नवा आराखडा लागला तो नगरपालिकेच्या भिंतीवर, पाणीपट्टीच्या खिडकीला अगदी खेटून. त्यामुळे पाणीपट्टी भरायला आलेला माणूसही रांगेत उभ्या उभ्या तापीच्या भविष्यात डोकावून जायचा. आणि काय ते भविष्य! आठ फूट लांब, रंगीत, चकचकीत. तापी अशी निळीशार, की खुद्द तापीनं पाहिली असती तर लाजली असती. झाडं सगळी एका मापाची, वरून पाहिलेल्या भज्यांसारखी. काठानं लाल फरशीचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर उंच उंच गोऱ्या बाया पट्ट्याला बांधलेली कुत्री फिरवतायत. तरवडखेड्यात कुत्र्यांना कोणी फिरवत नाही, कुत्रीच माणसांना फिरवतात. पण ते असो.

प्रज्ञा बैसाणे, नववी ब, शाळा सुटल्यावर दप्तरासकट त्या नकाशाला नाक लावून उभी होती. दोन्ही बाजूंना रूपाली आणि दीपमाला. तिघींना कारंज्यात रस नव्हता, खाऊगल्लीत थोडासा होता. तिघी शोधत होत्या एकच जागा. प्रज्ञाचं बोट काठाकाठानं सरकत सतरा नंबरच्या ठिपक्यावर थांबलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं :

‘क्र. १७. सध्याचा वापर : काही नाही. स्थानिकांच्या माहितीनुसार येथे सात आसरे आहेत. प्रस्ताव : सदर खड्डा भराव टाकून बुजवणे, जुने आसरे पाडून सात आधुनिक निवारा शेड, सेल्फी पॉइंट व वाहनतळ.’

“खड्डा?” रूपाली किंचाळली. “आपल्या डोहाला खड्डा म्हणतात?”

“हळू गं!” दीपमालानं तिला चिमटा काढला. “अख्खी रांग बघतेय.”

प्रज्ञानं ती ओळ परत वाचली. सात आसरे. मग तिला असं हसू फुटलं, की तिनं दप्तर तोंडावर दाबलं. आणि हसता हसता मध्येच ते हसू विझलं, कारण ‘भराव’ हा शब्द काही विनोदी नव्हता.

आता हा डोह म्हणजे काय, ते सांगायला हवं. गावाच्या खालच्या अंगाला तापी एका काळ्या खडकाला वळसा घालते, आणि त्या खडकाच्या कुशीत पाण्याचा एक तुकडा मागे राहतो. ओढ नाही, भोवरा नाही, नुसतं गार, हिरवं, खोल पाणी. त्या डोहात सात आसरा राहतात असं गावात लहान पोरही सांगेल. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. भरदुपारी वर येतात, एकट्यादुकट्या पुरुषाला आत ओढतात. म्हणून तिकडे कोणी पुरुष फिरकत नाही.

आणि पुरुष फिरकत नाहीत, म्हणूनच गावातल्या बाया आणि पोरी तिथं पोहतात. पिढ्यान्‌पिढ्या! ही आसरांची हूल पहिल्यांदा कोणत्या शहाण्या बाईनं उठवली, कोणास ठाऊक, पण तिचा पुतळा उभारायला हवा. सध्या तो कारभार तानुबाईकडे होता. तानुबाई म्हणजे सत्तरीची, काटक, उन्हात वाळवलेल्या मिरचीसारखी बाई. सगळ्या पोरी तिला तानुअक्का म्हणायच्या. दर पोळ्याच्या आधी ती काठावरच्या सात दगडांना नवा शेंदूर फासायची, चार हिरव्या बांगड्या टाकायची, की झाली वर्षभराची राखण. एकदा निंबा पैलवान गळ टाकायला आला, तेव्हा झुडपामागून सगळ्या जणी एकदम हसल्या. निंबा चपला टाकून पळाला. गावात त्यानं सांगितलं, सात होत्या, केस मोकळे, पाय उलटे. उलटे पाय त्यानं कुठून आणले, त्याचं त्यालाच माहीत.

तानुअक्का पोरींना पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून पाण्यात सोडायची. हातपाय मारता मारता एक दिवस ती डबा सोडवून घ्यायची, आणि तो दिवस म्हणजे पोरीचा खरा वाढदिवस. प्रज्ञाचा डबा दिवाळीत सुटला होता. तीन आठवड्यांपूर्वी तर तिनं डोह आरपार केला होता, या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये कुठंही न थांबता. तेव्हापासून बाईसाहेबांच्या अंगात वारं शिरलं होतं. वर्गात हात वर करायला लागली. भूगोलाच्या सरांना तिनं सांगितलं, “सर, फळ्यावर तापी उलटी वाहतेय.” सर म्हणाले, “बैसाणे, तुला झालंय काय?” काय झालंय ते सांगायची सोय नव्हती. डोहाचा नियम एकच : घरातल्या पुरुषाच्या कानावर जाता कामा नये.

प्रज्ञाच्या घरात तर मुळीच नाही. तिचे पप्पा राकेश बैसाणे वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर. हजारो व्होल्टशी रोजची उठबस, पण पाण्याला घाबरायचे. लहानपणी जामनेरकडे मामाच्या गावाला कॅनॉलमध्ये पडले होते, कोणीतरी केसाला धरून बाहेर काढलं. अजूनही बादली काठोकाठ भरलेली असली तर ते आधी दोन तांबे ओतून देतात आणि मगच उचलतात. नदी, विहीर, कॅनॉल हे तीन शब्द घरात बंद होते.

तिघी तडक तानुबाईकडे गेल्या. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

“अक्का, आराखड्यासाठी पाहणी करायला आलेल्या त्या पुण्याच्या माणसाला तुम्ही काय सांगितलं होतं?”

“कोनता? तो भूषण का काय, पाटी लिसन येल व्हता तो?” पाटी म्हणजे टॅब. “त्यानी इचारं, आजी, आठे काय शे? मी सांगं, काहीच नही भाऊ. कोनी येस का? कोनी नही येत. आठे सात आसरा ऱ्हातस.”

“मग?”

“मंग काय! म्हने, बरं बरं, आन लिखी लिधं. भ्यायनाच नही मेला. माले तवाच नवल वाटनं.”

“तो कशाला भिईल, अक्का!” प्रज्ञा म्हणाली. “त्याला वाटलं आसरा म्हणजे निवारा! पावसात उभं राहायला आसरा, तसला. सात आसरे आहेत, मोडके आहेत, पाडून टाका, नवीन शेड बांधा, असं लिहिलंय त्यानं.”

तानुबाईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मग ती अशी हसायला लागली, की ओट्यावरची सगळी टरफलं उडाली. पण डोह बुजवणार म्हटल्यावर तिचंही तोंड बंद झालं. मी खोटं बोलले नसते तर बरं झालं असतं, असं काहीतरी ती पुटपुटली. खोटं बोलली नसती तर डोह चाळीस वर्षांपूर्वीच गेला असता, हे तिघींनाही कळत होतं.

नकाशाखाली एक सूचना होती : हरकती असल्यास तीस दिवसांत लेखी द्याव्यात. त्यातले सव्वीस उलटले होते.

“आपण देऊ,” दीपमाला म्हणाली.

“नाव लिहावं लागतं,” रूपाली म्हणाली. “माझ्या भावानं वाचलं ना, तर डोहाआधी माझ्यावर भराव टाकेल.”

आणि रूपालीचा तर डबासुद्धा अजून सुटला नव्हता. दोन वर्षं झाली, बिचारी काठापासून पाच हातांवर भोपळ्यासारखी गोल गोल फिरत होती. डोह गेला असता तर ती जन्मभर तशीच डब्यासकट राहिली असती. प्रज्ञाला सगळ्यात जास्त तेच लागलं.

“आपलं नाव कशाला?” प्रज्ञा हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. “आराखड्यात कोण राहतं म्हणून लिहिलंय? सात आसरे. मग ज्या तिथं राहतात, त्यांनीच हरकत घ्यावी.”

दुसऱ्या दिवशी रूपालीच्या घराच्या धाब्यावर, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांच्या मधोमध, सात अर्ज तयार झाले. सात जणींची नावं दीपमालानं मोबाईलवर शोधून काढली : मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. दर्दुरी म्हणजे बेडकी, हे कळल्यावर ती कोणी घेईना, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती रूपालीच्याच वाट्याला आली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून निम्मे अर्ज डाव्या हातानं लिहिले. मकरीचा अर्ज प्रज्ञानं लिहिला :

‘महोदय, मी व माझ्या सहा बहिणी वरील डोहात पूर्वापार राहतो. आमच्याकडे लाईट बिल नाही, कारण आम्हाला लाईट लागत नाही. आपण आमच्या डोक्यावर मुरूम टाकणार आहात असे भिंतीवर वाचले. आम्हाला शेड नको. आम्हाला ओलंच बरं असतं. सेल्फीही नको, आमचा फोटो येत नाही. तरी आमचा डोह आहे तसा ठेवावा ही नम्र विनंती. आपली विश्वासू, मकरी, रा. खालचा डोह, तरवडखेडे.’

नगरपालिकेत आवक खिडकीवर बन्सीलाल नाना बसायचे. अर्ज वाचणं त्यांचं काम नव्हतं, शिक्का मारणं होतं. पण रिकामा रकाना त्यांना दहा हातांवरून दिसायचा.

“मोबाईल नंबर कुठे? नंबर नसला तर आवक होत नाही. हल्ली तारीख मेसेजनं जाते.”

“सातही जणींचा लागेल, नाना?”

“सात असो का सत्तर.” नानांनी चष्म्यावरून अर्ज चाळले. “एकच पत्ता? सगळ्या एका घरातल्या?”

“सख्ख्या बहिणी आहेत, नाना.”

“सातही पोरीच?”

“हो.”

“च्‌च्! बिचारा बाप,” नाना म्हणाले आणि शिक्का शाईत बुडवला.

प्रज्ञानं पेन उचललं आणि धडाधड सात वेळा दहा आकडे लिहून टाकले. मागं रांग होती, नाना खोकत होते, विचार करायला वेळ कुठं होता? बालवाडीच्या प्रवेश अर्जापासून सहलीच्या संमतिपत्रापर्यंत, जिथं जिथं ‘मोबाईल नंबर’ असा रकाना दिसला, तिथं तिथं तिच्या हातानं एकच नंबर लिहिला होता. हात बिचारा इमानी. तोच लिहून मोकळा झाला.

आठ दिवसांनी बैसाण्यांच्या घरी सगळे जेवायला बसले होते. कळण्याची भाकरी, शेवभाजी, कांदा. पप्पांचा फोन वाजला. टिंग. मग परत टिंग. मग टिंग टिंग टिंग, अगदी मोजून सात वेळा.

पप्पांनी डाव्या हातानं फोन उचलला. “मकरी यांना कळविण्यात येते की, नदीकाठ आराखड्यावरील आपल्या हरकतीची सुनावणी सोमवारी अकरा वाजता... ही मकरी कोण?”

मम्मीला ठसका लागला. प्रज्ञानं शेवभाजीत तोंड इतकं खाली घातलं, की नाकाला तर्री लागली.

“कर्कटी यांना कळविण्यात येते... दर्दुरी यांना...” पप्पांच्या भुवया वर वर चालल्या होत्या. “अरे, या तर सात आसरा! कोणीतरी आसरांच्या नावानं सरकारी कचेरीत अर्ज घातलेत. आणि नंबर माझा दिलाय! मुद्दाम! मागच्या वर्षी मी त्या भूत उतरवणाऱ्या भगताविरुद्ध भाषण केलं ना, त्याचा राग. मला डिवचतात काय?”

“तुम्ही जेवा आधी,” मम्मी म्हणाली.

“जेवतो. आणि सोमवारी अर्धी रजा टाकून तिथं जातो. सगळ्यांसमोर विचारतो, कुठं आहेत तुमच्या आसरा, आणा समोर! बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून जेवतो मी, मला आसरांचे मेसेज पाठवतात!”

मोरीत भांडी घासताना मम्मीनं प्रज्ञाला कोपरानं ढोसलं. मम्मीला सगळं ठाऊक होतं. गावातल्या सगळ्याच आयांना ठाऊक असायचं. “नंबर बापाचा दिलास?”

“मी नाही गं, हातानं दिला.”

“पुढच्या वेळी हाताला म्हणावं, डोक्याला विचारून लिही.” मग मम्मीचा आवाज खाली आला. “सोमवारी तू जाऊ नकोस. अर्ज फेटाळला तर फेटाळला. तू शिकलीस ना पोहायला? तेवढं बस. त्यांना कळलं तर नदीच काय, शाळेची वाटसुद्धा सोबतीनं चालावी लागेल.”

प्रज्ञानं हातातलं ताट विसळून उपडं ठेवलं. पण रविवारी ती डोहावर गेली तेव्हा रूपाली तशीच डब्यासकट गोल गोल फिरत होती, आणि काठावर दोन नव्या, तिसरी-चौथीतल्या पोरी आपापले डबे मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, “ताई, मला उन्हाळ्यापर्यंत येईल का?” प्रज्ञानं “येईल की” म्हटलं आणि तिच्या डब्याची दोरी एकदा ओढून बघितली.

सोमवारी नगरपालिकेचं सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर मुख्याधिकारी साहेब, शेजारी पुण्याहून आलेला भूषण, मांडीवर टॅब. पप्पा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. प्रज्ञा सगळ्यात मागे, खांबाच्या आड. अंगात शाळेचा गणवेश होता, शाळेत मात्र ती गेली नव्हती. दीपमाला येते म्हणाली होती, आली नव्हती. रूपालीला सकाळपासून ताप होता, म्हणजे तिनं तसं घरी सांगितलं होतं. दारात तानुबाई रेशनचं कार्ड हातात धरून उभी, जणू चुकून इकडे आली.

हिलाल शिपायानं यादी हातात घेतली. चाळीस नावं सरळ गेली. मग तो अडखळला.

“हरकतदार क्रमांक एकेचाळीस. म... मकरी! हाजिर शे का?”

कोणी उठेना.

“मकरी, राहणार खालचा डोह! हाजिर शे का?” या वेळी हिलालचा आवाज जरा कापला.

पप्पा उठले. “साहेब, ही सात नावं माझ्या मोबाईलवर आलीत. ही माणसं अस्तित्वात नाहीत. हा अंधश्रद्धेचा बाजार आहे, आणि त्यात माझा नंबर वापरलाय.”

“म्हणजे हरकतदार नाहीतच? मग सातही अर्ज निकाली काढायचे?”

“काढा,” पप्पा म्हणाले.

हिलालनं तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं. प्रज्ञाला वाटलं, आपण डोहाच्या मधोमध आहोत, पाय टेकायला खाली काही नाही, आणि मागचा काठ पुढच्याएवढाच लांब आहे. अशा वेळी काय करायचं, ते तानुअक्कानं शिकवलं होतं. हात मारायचा.

“हाजिर आहे!”

सगळं सभागृह मागे वळलं. पप्पाही वळले. आणि जगातला कुठलाही बाप पहिल्यांदा जे विचारील तेच त्यांनी विचारलं : “प्रज्ञा? शाळा नाही का तुला?”

“तू मकरी?” साहेब म्हणाले.

“हो साहेब. कर्कटीपण मीच, डाव्या हातानं लिहिलेली. दर्दुरी आज आली नाही, तिला ताप आहे.”

खसखस पिकली. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. “खोट्या नावानं अर्ज देणं गुन्हा आहे, कळतं का?”

“पण साहेब, खोटं आधी आराखड्यात लिहिलंय. नंबर सतरा. इथं सात आसरे आहेत असं तुम्हीच छापलंय. मग राहणाऱ्यांना न विचारता कसं बुजवता?”

भूषण सावरून बसला. “आसरे म्हणजे निवारे. जुन्या शेड. अहवालात स्पष्ट आहे.”

“तुम्ही पाहिल्यात का, सर?”

“तिथं... वाट नव्हती. एका आजींनी माहिती दिली.”

“अहो साहेब,” हिलालला आता राहवेना, “आसरा म्हणजे शेड नही! पाण्यातल्या बाया! ओढी लई जातस त्या!”

मग जे हसू उसळलं, ते आवरायला साहेबांना दोनदा घंटी वाजवावी लागली. भूषण टॅबमध्ये इतकं खाली बघत होता, की आता आत शिरतो की काय. पण साहेब काही कच्चे नव्हते. हसू ओसरल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “ठीक आहे. शेड नाहीत. आसराही नाहीत, हे तुझे वडीलच सांगतात. म्हणजे सध्याचा वापर काही नाही, हे बरोबरच आहे. मग बुजवलं तर बिघडलं कुठं?”

आता मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रज्ञानं पप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

“वापर आहे साहेब,” ती म्हणाली. “आम्ही तिथं पोहतो. गावातल्या बाया, मुली. पुरुषांना माहीत नाही, म्हणून कुठं नोंद नाही. मी... मी डोह पार करते.”

पप्पा खाली बसले. सावकाश, खुर्ची आहे की नाही ते न बघता.

“आते फुटी गयं मडकं,” दारातून तानुबाई म्हणाली आणि सरळ आत आली. “साहेब, खोटं मी सांगं त्या पोऱ्याले. पोरना दोष नही. पवाले मी शिकाडस बठ्ठी पोरीस्‌ले. इचारनं व्हई ते माले इचारा.”

साहेबांनी तिला काही विचारलं नाही. त्यांनी हिलालला तारीख लिहायला सांगितली. दुसऱ्या दिवशी चार वाजता स्थळपाहणी. वापर सिद्ध झाला तर बघू, नाही झाला तर भराव.

घरी जाताना प्रज्ञा पप्पांच्या गाडीवर मागे बसली. बाजारपेठ गेली, बसस्टँड गेलं. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा पप्पा समोर बघतच म्हणाले, “किती खोल आहे?”

“दोन पुरुष.”

“दोन पुरुष!” मालगाडीचे डबे मोजत असल्यासारखे ते बघत राहिले. “आसरांच्या नावानं लोकांना घाबरवत होता तुम्ही. माझ्या घरातली मुलगी!”

“पप्पा, तुम्ही घाबरला नसता. म्हणून तर तुमच्यापासूनच सगळ्यात जास्त लपवावं लागलं.”

फाटक उघडल्यावर पप्पा एवढंच म्हणाले, “उद्या यायचं तर ये. तोंडानं काय सांगायचं ते सांग. पाण्यात उतरायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी चारला काळ्या खडकावर साहेब, भूषण, हिलाल आणि बन्सीलाल नाना येऊन उभे राहिले. नानांना पंचनामा लिहायला आणलं होतं. पप्पा त्यांच्यापासून थोडे दूर, पाण्यापासून बरेच दूर. दुसऱ्या बाजूला तानुबाई, मम्मी, ताप उतरलेली रूपाली, खाली मान घातलेली दीपमाला आणि आणखी दहा-बारा बाया. बाया एवढ्या शांत, जणू लग्नात वरपक्ष आलाय.

“हं,” साहेब म्हणाले, “दाखवा वापर.”

“दाखाडतस,” तानुबाई म्हणाली. “पहिले तोंड तिकडे करा. बठ्ठा.”

“सगळ्यांनी?” साहेबांनी विचारलं.

“जितला गडी शेत तितला. हाई बायास्‌ना घाट शे.”

भूषण वैतागला. “अहो आजी, न बघता पाहणी कशी लिहायची?”

“कान शेत ना तुले? मांगे बी तू आयकीसनच लिखं व्हतं. आते नीट आयक.”

साहेबांच्या ओठांची एक बाजू हलली. ते वळले. मग भूषण वळला, नाना वळले, हिलाल तर कधीचाच वळून उभा होता. आता एकटे पप्पा तेवढे डोहाकडे तोंड करून उभे होते.

प्रज्ञानं ओढणी कमरेला गच्च बांधली आणि ती थांबली. पप्पांनी पाण्याकडे पाहिलं. हिरवं, गार, दोन पुरुष. मग तिच्याकडे पाहिलं. नको म्हणायला त्यांचा हात अर्धा वर आला होता. तिनं मान हलवली नाही, विनवणी केली नाही, नुसती उभी राहिली. केवढी उंच झालीय ही, असं काहीतरी पप्पांच्या तोंडावर येऊन गेलं.

तो अर्धा वर आलेला हात त्यांनी मागे नेला, दुसऱ्या हातानं घट्ट धरला आणि पाण्याकडे पाठ केली.

धप्प!

मग पाणी चिरल्याचा आवाज. एक हात, दुसरा हात. पहिले काही हात जोरात ऐकू आले, मग बारीक होत होत गेले, आणि मग काहीच नाही. खडकावर पाच पुरुष एका रांगेत, तापीकडे पाठ करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. बन्सीलाल नानांचं पेन कागदावर टेकलेलं. पप्पांच्या शर्टाला पाठीवर घामाचं एक मोठं बेट उठलं होतं. त्यांची मान इंच इंच वळायला लागली.

“राकेशभाऊ,” मागून तानुबाई म्हणाली, “मान!”

मान जागेवर गेली. हिलाल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक सात नावं. वाऱ्यानं भूषणचा एक कागद उडाला, त्यानं तो उडू दिला.

“पप्पा!”

आवाज लांबून आला. खडकाला आपटून, पाण्यावरून घसरत, धापा टाकत.

“पप्पाऽऽ! पोचले!”

पप्पांनी डोळे मिटले.

“साहेब,” भूषण चाचरत म्हणाला, “तांत्रिकदृष्ट्या, कोण पोहलं हे आपण पाहिलेलं नाही. आवाज कोणाचा, कुठून आला, याला साक्षीदार लागेल.”

“आवाज माझ्या मुलीचा आहे,” पप्पा म्हणाले. “आणि पलीकडच्या काठावरून आहे. चौदा वर्षं ऐकतोय. आणा इकडे कागद.”

बन्सीलाल नानांनी कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, ‘समक्ष, परंतु पाठमोरे उभे राहून.’ सध्याचा वापर या रकान्यात साहेबांनी स्वतः सांगितलं, “महिला व मुलींचे पोहणे, पूर्वापार. भराव प्रस्ताव वगळण्याची शिफारस.” नानांनी ‘पूर्वापार’च्या खाली दोन रेघा मारल्या. पप्पांनी हिलालच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. राकेश देवचंद बैसाणे, पूर्ण नाव, आणि नेहमीची ती झोकदार रेघ जरा वेडीवाकडी.

सही झाली आणि त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. चेहरा पांढराफटक पडला. मान मात्र त्यांनी वळवली नाही. तापीकडे पाठ करूनच, दोन्ही हात तोंडाशी धरून ते जिवाच्या आकांतानं ओरडले :

“प्रज्ञाऽऽ! आता परत कशी येणार?”

पलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला.

“गेले तश्शीच, पप्पा!”

धप्प!